वालाच्या दाण्याएवढं

आमची म्हातारी गेली तेव्हा तिच्या गालांवरचे वांग फिके पडले होते. मी असं बोललो की लोक माझ्याकडे बघत राहतात. बायको गेली आणि हा वांगाचं काय घेऊन बसलाय, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. दिसू दे. ते तोंड जन्मभर मी बघितलं, त्यांनी नाही.

वांग म्हणजे उन्हाने गालांवर पडतात ते काळपट डाग. हिला पहिल्या बाळंतपणात आले ते राहिलेच. आमचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगावर. खाली भाताची दोन खाचरं, वर उतारावर नाचणी आणि वरी. उतारावर ना झाड ना सावली. बाई दिवसभर ओणवी, ऊन पाठीत. पदर कितीदा सावरणार? हात चिखलाचे. तिचे डाग वाढत गेले आणि मला ते डाग म्हणून दिसायचेच बंद झाले. तिचं तोंड तसंच आहे असं वाटायचं.

हे सगळं लिही असं नात म्हणाली म्हणून लिहितोय. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही गुरं सांभाळून. चुकलं तर तिने सुधारावं.

नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. मुलगा आणि सून मुंबईला, तीही तिकडेच वाढली, कॉम्प्युटरवर कसलंसं काम करते. एका गणपतीला आली ती आजीसाठी एक ट्यूब घेऊन. म्हातारी ओट्यावर नारळ खवत बसलेली.

"काय गो हे? दातांचं?"

"नाय गं आजी, तोंडाला लावायचं. रेटिनॉल म्हणतात."

"नाव तर फवारणीच्या औषधाचं वाटतंय," मी म्हटलं. "आणि या वयात गोरी होऊन कोणाला दाखवणार हाय?"

"तुमाला नाय दाखवत," म्हातारी म्हणाली. "घाबरू नका."

"आबा, गोरं-बिरं काय होत नाय याने," नात म्हणाली. "डाग फिके पडतात, कातडी जरा नितळ होते. आणि तेही लगेच नाय. महिने लागतात."

"भाताला लागतात तेवढे?"

"एक भात कापून दुसरा लावाल तेवढे धरा."

हे ऐकून मला वाटलं, झालं, आता ही ट्यूब फळीवर जाणार आणि धूळ खाणार. पण म्हातारीने हात पुसले आणि नातीसमोर नीट मांडी घालून बसली. "सांग," म्हणाली. "सावकाश सांग. मी विसरते."

नातीने सांगितलं. आधी तोंड धुवायचं, पुसायचं आणि पुरतं कोरडं होऊ द्यायचं. ओलं असेल तर झोंबतं. मग बोटावर वाटाण्याएवढं घ्यायचं, तेवढंच अख्ख्या तोंडाला.

"वाटाणा कुठला? ओला का सुका?"

"आजी!"

"विचारते हाय. ओला फुगलेला असतो."

शेवटी म्हातारी उठली, डब्यातून वालाचा एक दाणा घेऊन आली आणि नातीच्या तळहातावर ठेवला. "एवढं?" नात म्हणाली, "हां. एवढं बास." त्या दिवसापासून आमच्या घरात ते माप वालाचंच झालं.

डोळ्यांच्या जवळ नाही लावायचं. ओठांच्या कडेला नाही, नाकपुडीच्या खाचेत नाही. वरून साधी क्रीम लावायची, कातडी सुकू नये म्हणून. लावायचं ते रात्रीचं, दिवसा नाही. सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच. आणि दिवसा बाहेर पडायचं तर उन्हाची वेगळी क्रीम आणि वर पदर. का, तर या औषधाने आतली नवी कातडी वर येते आणि ती कोवळी असते, उन्हात करपते.

"लावणीच्या रोपागत," मी म्हटलं.

"बघ," म्हातारी नातीला म्हणाली, "आबाला पण समजलं."

नात परत गेली तेव्हा जाताजाता मलाच ताकीद देऊन गेली. "आबा, आजी जास्त लावेल. लक्ष ठेवा. जास्त लावलं की लवकर गुण येतो असं सगळ्यांना वाटतं."

माझ्या मनात आलं, आपण खत टाकतानाही तेच करतो. पण म्हातारी जास्त लावणाऱ्यातली नव्हती. ती मला म्हणाली, "दुधाला विरजण किती लावतो? बोटभर. जास्त घातलं तर दही लवकर होत नाय, आंबट होतं." सोमवार तिच्या उपासाचा आणि गुरुवार तिच्या देवाचा, तेच दोन वार तिने धरले. दिवा लावून झाला, जेवणं उरकली, की खांबावरच्या वीतभर आरशापुढे उभी राहायची. वालाएवढं बोटावर घ्यायचं, कपाळाला एक टिकली, दोन गालांना दोन, हनुवटीला एक, आणि मग हलक्या हाताने पसरायचं. भाकरी थापताना जिचा आवाज शेजारच्या वाडीला जायचा, ती बाई स्वतःच्या गालाला असा हात लावायची जसं काही दुसऱ्याच्या घरचं तान्हं मूल आहे. मी जेवण उरकलं तरी पाटावर बसून राहायचो. ती म्हणायची, "काय बघता? पैसे पडतील." तरी बसायचो.

पहिल्याच महिन्यात तिच्या नाकाच्या बाजूला कोंडा पडायला लागला, कातडी सुटायला लागली. मी म्हटलं, टाक ती ट्यूब उकिरड्यावर. तिने नातीला फोन लावला. नात म्हणाली, आजी, थांब. पुरतं बरं होऊ दे, तोवर नुसती साधी क्रीम लाव. मग आठवड्यातून एकदाच लाव आणि सोसलं तर पुढे दोनदा. म्हातारी थांबली. पुन्हा एकापासून सुरू केलं. तिला थांबायला कोणी शिकवावं लागत नव्हतं. मुंबईला गेलेला मुलगा सणाला येईल म्हणून जी आयुष्यभर वाट बघते, तिला ट्यूबची काय मोठी वाट.

थांबता येत नव्हतं ते मला. माझ्या टाचा म्हणजे फाल्गुनातलं खाचर, एकेका भेगेत नाणं उभं राहील. मी विचार केला, हे औषध नवी कातडी आणतं ना? मग जिथे खरी गरज आहे तिथेच लावावं. ती पाण्याला गेली तेवढ्यात मी ट्यूब पिळली आणि दोन्ही टाचांना चांगली चोपडली. वाल नाही, काही नाही. चांगली मूठभर. थोड्याच वेळात भेगा अशा चुरचुरायला लागल्या की मी अंगणात चवड्यांवर चालत होतो. म्हातारी हंडा घेऊन आली, मला बघितलं, मग खाली पिळून टाकलेली ट्यूब बघितली. तिने हंडा उतरवला आणि उंबऱ्यावर बसून हसली. इतकी हसली की तिला ठसका लागला.

"लावा अजून," म्हणाली. "टाचा गोऱ्या करून कोणाला दाखवणार हाय?"

नवी ट्यूब नातीने पाठवली, सोबत माझ्यासाठी भेगांचं वेगळं मलमही आलं. ते अजून आहे.

एक पावसाळा गेला, हिवाळा गेला, तेव्हा कुठे फरक पडला. पडला म्हणजे सिनेमातल्यासारखा नाही. डाग होते तिथेच होते, पण कडा विरघळल्या होत्या, धुतलेल्या कपड्यावरच्या जुन्या डागासारख्या. शेजारणींना कळलं नसतं. मला कळलं. मी म्हटलं, "काय गो, उजळलीस." ती म्हणाली, "इतक्या वर्सांनी बघितलंत का तोंड?" आणि चुलीकडे वळली. तेव्हा तिच्या मानेलासुद्धा लाली आली होती. हे मी लिहितोय ते नात वाचणार, तर वाचू दे.

आता हळदीचं सांगतो, कारण गोष्ट तिथेच जाते.

परसात म्हातारीची हळद असायची, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली. गणपतीत पातोळ्यांना पानं व्हायची, माघात गड्डे काढायचे, शिजवायचे, वाळवायचे आणि तिने स्वतः कुटायचे. नातीला स्थळं बघायला लागले तेव्हा तिने एका काचेच्या बरणीत वेगळी हळद भरून ठेवली. "तिच्या हळदीला ही लावायची. बाजारातली नको, तिच्यात काय रंग घालतात देव जाणे. तिचं तोंड माझ्या हळदीने पिवळं झालं की मी मोकळी." महाडकडच्या तळीये गावावर दरड आली त्या पावसापासून आमच्या दाराशी एक पिशवी भरलेली असते. रात्री-अपरात्री शाळेत हलायला सांगितलं तर उचलून निघायचं, म्हणून. कागदपत्रं, विजेरी, माझ्या गोळ्या. त्या पिशवीत तिने ती बरणी ठेवली होती आणि बाजूला तिची ट्यूब. मी म्हटलं, डोंगर अंगावर आला तर तू हळद घेऊन पळणार? म्हणाली, "तुमी चालता राहाल हळूहळू. हळद कोण आणील?"

बरणी भरली त्याच वर्षी शिमगा झाल्यावर, सकाळी चहा ठेवता ठेवता ती चुलीपुढे कलंडली. महाडला नेईस्तोवर राहिली नाही.

सवाष्ण गेली की तिला हळदकुंकू लावतात. माझी थोरली बहीण याच गावात दिलेली, तीच सगळं करत होती. म्हणाली, "हळद दे रे." बरणी दाराशी होती, हाताच्या अंतरावर. मी उठलो आणि फोडणीच्या डब्यातली हळद काढून दिली. दुकानातली, कारण यंदाची घरची सगळी तिने बरणीत भरली होती. बरणीतली नातीची होती, ती मी उघडली नाही. जिने आयुष्यभर हळद कुटली तिच्या तोंडाला शेवटची हळद लागली ती पुडीतली. मी बरोबरच केलं. पण तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली होती. बरणीतली हळद नातीच्या तोंडाला लागली पाहिजे. म्हातारीचं तेवढं एकच राहिलं होतं, आणि ते आता माझ्याकडे होतं.

आमच्यात घरात मयत झालं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मुलगा पसंत होता, दोन्ही घरं तयार होती. थांबायचं कशाला? दिवाळीनंतर बोलणी झाली आणि शिमग्याच्या आधीचा मुहूर्त धरला. लग्न गावातच, आजीच्या अंगणात, असं नातीनेच सांगितलं.

लग्नाच्या आधी ती आईबरोबर गावी आली ती तोंडाला ओढणी गुंडाळून, फटफटीवर बसणाऱ्या पोरी गुंडाळतात तशी. मी म्हटलं, घरात कसली धूळ? सोड. तिने सोडलं. गाल लालबुंद, नाकाभोवती पापुद्रे सुटलेले, ओठांच्या कोपऱ्यात चिरा.

"काय केलंस गो हे?"

 सूनच बोलली. लग्न लवकर धरलं, आता तोंड लवकर चांगलं व्हायला हवं, फोटो कायमचे राहतात, म्हणून पोरीने जे आजीला आठवड्यातून दोनदा सांगितलं होतं ते स्वतः रोज लावलं, मापाला काही धरबंद नाही. वर खरखरीत स्क्रब घासला, आणि पार्लरात जाऊन आणखी काहीतरी लावून आली ते वेगळंच.

"आजी असती तर मारलं असतं मला," नात म्हणाली.

"मारलं नसतं. हसली असती," मी म्हटलं, आणि दोघांनीही दुसरीकडे बघितलं.

तेवढ्यात बहीण आली. बहीण आली म्हणजे घरात पोलीस आला. तिने पोरीची हनुवटी धरून तोंड उजेडात फिरवलं. "उष्णता हाय. आणि हा कोंडा काढायला पायजे. डाळीचं पीठ, साय, लिंबाचे चार थेंब आणि हळद. आपण कापलं-चिरलं तर काय लावतो? हळद. दे रे हळद, चांगली दे."

चांगली म्हणताच मी बरणी काढली. मला काय आनंद झाला होता, सांगू? वाटलं, म्हातारीच पोरीला बरं करणार. झाकण मी माझ्या हाताने फिरवलं. तो वास आला आणि मी बरणी क्षणभर नाकाशीच धरली.

बहिणीने प्रेमाने चोळलं. प्रेमाने म्हणजे जोर लावून, ती भांडी घासते तसं. नात डोळे मिटून बसलेली. डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि पिवळं होऊन हनुवटीवरून गळलं. मी म्हटलं, "झोंबतं का गो?" म्हणाली, "आजीची हाय ना आबा, असू दे." धुतलं तेव्हा तोंड भाजल्यासारखं झालं होतं, आणि दुपारपर्यंत डोळ्यांखाली सूज.

बहीण उंबऱ्यावर बसली ती उठेना. "माझ्या हातानं झालं रे," म्हणाली.

"बरणी मी दिली," मी म्हटलं. "उगाच सगळं एकटी घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही महाडला गेलो, नात, बहीण आणि मी. चवदार तळ्याच्या अलीकडे कातडीच्या एक डॉक्टरीण बाई बसतात. वयाने आमच्या सुनेएवढ्या. त्यांनी बघितलं, विचारलं, नातीने सगळं खरं सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत, हे मला आवडलं.

"औषध वाईट नाही," त्या म्हणाल्या. "घाई वाईट. आता सगळं बंद. रेटिनॉल बंद, स्क्रब बंद, लिंबू तर अजिबात नको. सौम्य साबणाने तोंड धुवायचं, ही साधी क्रीम लावायची, बाहेर पडताना सनस्क्रीन. भुवया-ओठांवरचे केस ओढायला पार्लरात जायचं नाही, आत्ता कातडी सोलून हातात येईल. लग्नापर्यंत बरीच शांत होईल. नंतर पुरती बरी झाली, की मग पाहिजे तर पुन्हा सुरू कर. अगदी थोडं, आठवड्यातून एकदा. तुला माहीत आहे की कसं."

"माहीत होतं," नात म्हणाली.

"आणि लग्न होतंय म्हणून सांगते. मूल हवं असं दोघांचं ठरलं की हे आधीच थांबवायचं. पोटुशी असताना अजिबात लावायचं नाही."

मी पंख्याकडे बघायला लागलो. बहीण म्हणाली, "मंग आत्ताच टाकून दे की गो. कशाला परत परत चालू-बंद?" डॉक्टरीणबाईसुद्धा हसल्या.

बहिणीनेच शेवटी विचारलं. मला विचारायचं धाडस नव्हतं. "बाई, हळद? हळदीचा कार्यक्रम हाय."

"हातापायांना लावा, हवी तेवढी. तोंडाला नको."

"घरची हाय. आजीनं कुटलेली. भेसळ नाय."

"आजी, हळद चांगलीच असेल. पण सोललेल्या कातडीवर चांगली गोष्ट चोळली तरी आग होणारच ना?"

परतीच्या एसटीत बसलो. माझ्या डोक्यात एकच. तोंडाला नको. हातापायांना कोणाचीही लागते, पुडीतलीही लागते. म्हातारीने तोंड म्हटलं होतं. नात माझ्या बाजूला, ओढणीत. वाटेत ती हळूच म्हणाली, "आबा, एक थेंब लावू. कपाळाला. मी सोसेन. आजीला सांगितलं होतं मी, तुझीच लावणार."

मी म्हटलं, "बघू." बघू म्हणजे माझा हो होता. हे मी लपवत नाही. एका थेंबाने काय होतंय, असं मी घरापर्यंत स्वतःला समजावत होतो.

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव, आंब्याचे टहाळे बांधलेले, मुंबईची माणसं आलेली, स्पीकरवर गाणी. नवऱ्याकडची उष्टी हळद आली, त्यात बहिणीने बरणीतली घरची मिसळली. तोवर नातीचं तोंड पुष्कळ निवलं होतं, सूज उतरली होती, पण गाल अजून पातळ. बघितलं की कळायचं. भाजलेल्या जागी नवी कातडी येते ती अशीच चकाकते. ती पाटावर बसली आणि बायांचा घोळका आला. आमच्याकडे हळद लावायची म्हणजे बोट टेकवायचं नाही, दोन्ही हातांनी गालाला फासायची, पोरगी ओळखू येता कामा नये. पहिलीच बाई भरलेला हात घेऊन वाकली.

नातीने डोळे मिटले. दात आवळले. गुरुवारी आरशापुढे तिची आजी उभी राहायची आणि गालाला बोट टेकवायची, ते मला त्या क्षणी दिसलं. इतक्या हलक्या हाताची बाई आणि तिच्या नावाने आम्ही हे करायला बसलो होतो.

"हात खाली," मी ओरडलो. स्पीकरपेक्षा मोठ्याने. "तोंडाला कोणी हात लावायचा नाय."

गाणं बंद झालं. एक म्हातारी म्हणाली, "हळद तोंडाला नाय तर काय ढोपराला?"

"ढोपराला लाव. कोपराला लाव. तुझ्या तोंडाला लाव. तिच्या नाय."

"अपशकुन होतो रे!"

"पोरगी आग होऊन रडत मांडवात बसली तर शकुन होतो काय?"

मग बहीण उठली. ती उठली म्हणजे विषय संपला. "डॉक्टरीणबाईनं सांगितलंय," ती म्हणाली, "आणि मी माझ्या हातानं एकदा करून बसलेय. ज्याला चोळायचं त्यानं पायाला चोळा." आणि स्वतः खाली बसून तिने नातीच्या पावलांना हळद लावली. मग सगळ्या बसल्या. पावलं, पोटऱ्या, हात, मनगटं, सगळं पिवळं झालं. गाणी पुन्हा लागली. पोरी हसायला लागल्या. गाल तेवढे कोरे राहिले.

मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. बरणी माझ्या हातात, बुडाला थोडी राहिलेली. मला वाईट वाटत होतं, नाही म्हणणार नाही. म्हातारीला मी काय सांगणार होतो? पावलं पिवळी झाली गो, तेवढ्यावर भागव?

नात पाटावरून उठली. हळदीची नवरी मधेच उठत नाही, बाया ओरडल्या. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे.

"आबा, आजीची हळद कोणाच्या तरी तोंडाला लागायला पायजे."

आणि तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. गालांना, कपाळाला, नाकाला, मिशीलासुद्धा. चोळली नाही. पसरली, हलक्या हाताने, कपाळापासून खाली. हा हात तिने कोणाचा घेतला ते मला कळलं. मला झोंबलं नाही. माझ्या कातडीला काय झोंबणार, म्हशीची ती.

मांडवात हसं पिकलं. बहीण म्हणाली, "अगो बाय, नवरा मुलगा हाच काय? वऱ्हाड उतरवायचा जानवसा कुठे ठेवलाय ह्याचा?"

"जानवसा वर हाय," मी म्हटलं. "माझं माणूस आधी जाऊन बसलंय तिथे."  बहिणीने माझ्याकडे बघायचं टाळलं आणि कोणावर तरी चहाचं ओरडली.

त्या दिवशी मी तोंड धुतलं नाही. लग्नाला दुसऱ्या दिवशी पिवळाच उभा होतो, सुरकुत्यांत हळद बसलेली. फोटोत नातीचे गाल साधे, थोडे लालसर, आणि बाजूला मी हळदीच्या गड्ड्यासारखा. नात म्हणते, तोच फोटो तिने घरात लावलाय.

आता तिची कातडी बरी आहे. तिने पुन्हा लावायला सुरुवात केली, आठवड्यातून एकदा, सोमवारी. दिवसा सनस्क्रीन लावते, लावलीस का ते मीच विचारतो. फोनवर म्हटलं, "किती लावतेस?" म्हणाली, "वालाच्या दाण्याएवढं, आबा." मी म्हटलं, "ओला का सुका?" ती पलीकडे हसली ती तिच्या आजीसारखी, ठसका लागेपर्यंत.